बंदुकीच्या नळीवरचा निळा-काळा थर: गंजालाच राखणीला बसवण्याची विद्या

बंदुकीच्या पोलादी नळीवर दिसणारा निळसर काळा थर हा गंजाचाच एक प्रकार आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बहुधा पटत नाही. तो थर म्हणजे तैलरंग, वार्निश किंवा निकेलसारखा वरून चढवलेला मुलामा असावा, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात वरून काहीच चढवलेले नसते. नळीच्याच पृष्ठभागावरच्या लोखंडाला हवा, पाणी आणि उष्णता यांच्या मदतीने ठरावीक मर्यादेपर्यंत ऑक्सिजनशी संयोग करू दिलेला असतो आणि नेमक्या जागी थांबवलेले असते. या प्रक्रियेला जगभरातले कारागीर ब्लूइंग म्हणतात. जुन्या बंदुकांच्या डागडुजीची हौस असणाऱ्यांनी सुरुवात याच कामापासून करावी असे माझे मत आहे, कारण यात बंदुकीच्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. मात्र हौशी हातांनी जुन्या बंदुकांचे सर्वांत जास्त नुकसानही याच कामात होते. त्यामुळे रसायनशास्त्र थोडे समजून घेऊन मगच पॉलिश पेपर हातात धरलेला बरा.

आपल्या ओळखीचा तांबूस गंज म्हणजे पाण्याचा अंश धरून बसलेले लोखंडाचे ऑक्साइड. ते भुसभुशीत असते, मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापते आणि त्यामुळे फुगून, पापुद्रे धरून सुटत राहते. सुटलेल्या पापुद्र्याखाली नवे लोखंड उघडे पडते, त्या भुसभुशीत थरात ओलावाही साठून राहतो आणि गंज आत आत शिरत जातो. लोखंडाचे दुसरे ऑक्साइड काळे असते. त्याचे नाव मॅग्नेटाइट. त्याच्या रेणुसूत्रात लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. तांबूस गंजाच्या मानाने ते दाट असते आणि खालच्या पोलादाला घट्ट धरून राहते. ब्लूइंगच्या ज्या पद्धती खऱ्या अर्थाने ऑक्साइडच्या आहेत, त्या सगळ्यांचा उद्देश पृष्ठभागावर हे काळे ऑक्साइड सलग आणि सारख्या जाडीचे तयार करणे हाच असतो. थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. म्हणूनच बारीक मापात बसवलेले भाग ब्लूइंगनंतरही एकमेकांत पूर्वीसारखेच बसतात.

इतका पातळ थर गंजापासून पूर्ण संरक्षण देईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. या थराला सूक्ष्म छिद्रे असतात आणि कोरडी ब्लू केलेली नळी दमट हवेत ठेवली तर ती गंजतेच. थराचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे. गुळगुळीत उघड्या पोलादावरून तेल पुसले जाते, पण ऑक्साइडच्या छिद्रांत ते टिकून राहते आणि ओलाव्याला अडवते. दुसरे काम चकाकी मारण्याचे. उन्हात चमकणारी नळी शिकाऱ्याला आणि सैनिकाला सारखीच अडचणीची असते. त्यामुळे ब्लूइंग उत्तम झाले, आता तेलाची गरज नाही, असे कोणी सांगू लागला तर त्याला या विषयातले फारसे कळत नाही असे खुशाल समजावे.

कामाला हात लावण्यापूर्वी

बंदूक रिकामी आहे याची खात्री करणे ही गोष्ट सांगायची गरज नसावी, पण ठासणीच्या बंदुकांच्या बाबतीत ती मुद्दाम सांगावी लागते. भिंतीवर किंवा माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेल्या ठासणीच्या बंदुकीत बार भरलेलाच राहिलेला असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. तपासण्याची रीत सोपी आहे. लाकडी काठी नळीत टेकेपर्यंत अलगद सोडावी, तोंडाशी तिच्यावर खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून खूण तोंडाशी जुळवून धरावी. काठीचे दुसरे टोक कानाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बार पेटवण्यासाठी असलेल्या छिद्रापर्यंत पोहोचायला हवे. ते दोन-चार बोटे अलीकडेच राहिले, तर आत काहीतरी आहे असे धरून चालावे आणि ती बंदूक परवानाधारक जाणकाराकडे सोपवावी. अशी नळी उकळत्या पाण्यात किंवा भट्टीत घालण्याचा परिणाम काय होईल हे वेगळे लिहायला नको.

बंदूक बाळगणे, दुरुस्त करणे आणि दुसऱ्यासाठी दुरुस्त करून देणे यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते कडक आहेत. अनेक देशांत दुसऱ्याच्या बंदुकीवर केलेले कोणतेही काम परवान्याशिवाय चालत नाही, आणि पुरातन बंदुकांना मिळणारी सवलत कुठे वर्षावर तर कुठे बंदुकीच्या प्रकारावर ठरते. हे आधी पाहून घ्यावे. नळीचा मागचा भाग, बोल्ट, घोडा आणि चाप यांतले काहीही घासायचे, कापायचे किंवा तापवायचे नाही, ही मर्यादाही पहिल्याच दिवशी आखून घ्यावी. स्फोटाचा दाब पेलणाऱ्या भागांची मजबुती त्यांना दिलेल्या पाण्यावर, म्हणजे उष्णतेच्या संस्कारावर अवलंबून असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ साली कायद्याने स्थापन झाले, ते याच कारणासाठी. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त बार भरून ती उडवून पाहतात आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात.

गंजवणे, उकळणे, घासणे

ब्लूइंगच्या सगळ्या पद्धतींत मला संथ गंजाची पद्धत सर्वांत शिकवणारी वाटते, कारण तिच्यात जे काही घडते ते डोळ्यांसमोर घडते. नळी आधी पूर्णपणे तेलरहित करावी लागते. ती झाली की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर स्वच्छ पाणी ओतावे. पाण्याचा अखंड पडदा नळीवर राहिला तर ती स्वच्छ आहे, आणि पाणी कुठे फाटून थेंब धरू लागले तर तिथे तेलाचा अंश आहे. यानंतर उघड्या बोटांनी नळीला स्पर्शही करायचा नाही. एका ठशातले तेल आणि घामातले मीठ पुढच्या सगळ्या फेऱ्यांत डाग बनून डोकावत राहते.

मग सौम्य आम्लधर्मी द्रावण कापसाच्या किंवा कापडाच्या जवळजवळ कोरड्या पिळलेल्या बोळ्याने एका दिशेने, एकाच फटक्यात लावतात. बोळा जास्त ओला असला किंवा त्याच जागेवरून पुन्हा फिरला, तर तांबूस पट्टे उमटतात आणि ते पुढे लपत नाहीत. नळी उबदार, दमट पेटीत काही तास टांगून ठेवली की तिच्यावर नारिंगी रंगाची बारीक, सारखी लव उगवते. हा साधा तांबूस गंज असतो. ही लव एकसारखी असणे महत्त्वाचे. ती जागोजागी खवल्यांसारखी दिसू लागली तर नळी पेटीत गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली आहे आणि पोलादाला बारीक खड्डे पडायला सुरुवात झाली आहे.

आता नळी उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात सोडतात. काही मिनिटांतच नारिंगी लव काळी पडू लागते, कारण त्या तापमानाला आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तांबूस ऑक्साइडचे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. नळाचे पाणी इथे चालत नाही. त्यातले क्लोराइड आणि कॅल्शियमचे क्षार पांढरट डाग सोडतात आणि काही जागी नव्याने गंज सुरू करतात. नळी बाहेर काढली की तिच्यावर काजळीसारखी काळी मखमल दिसते आणि नवशिक्याला वाटते की काम झाले. ती मखमल मऊ, बारीक तारेच्या ब्रशने किंवा तेल काढून टाकलेल्या बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसायची असते. खाली उरतो तो फिकट राखाडी, जवळजवळ निराश करणारा थर. हेच चक्र पुन्हा पुन्हा करायचे. प्रत्येक फेरीत राखाडी रंग गडद होत जातो आणि साधारण सहा ते दहा फेऱ्यांनंतर तो अशा खोल काळ्यावर पोहोचतो, की पुढची फेरी रंगात काही भर घालत नाही. तिथे थांबायचे. उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारायचे आणि नळी गरम असतानाच तेलात भिजवायची.

नळीच्या आतल्या भागाला गंज लागू नये म्हणून दोन्ही तोंडांना लाकडी डाट ठोकतात किंवा आतून लाखेचा थर देतात. डाट वापरायचे असतील तर उकळताना आतली हवा तापून ते जोरात निसटू शकतात, हे लक्षात ठेवून भांड्याच्या दोन्ही टोकांसमोर उभे राहू नये.

हीच प्रक्रिया उकळण्याची पायरी वगळून केली तर थर तपकिरीच राहतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या कित्येक बंदुकांच्या नळ्या अशा तपकिरी केलेल्या असत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, एका सळईभोवती गुंडाळून आणि ठोकून जोडलेल्या ज्या पिळाच्या नळ्या लिएज आणि बर्मिंगहॅम इथे बनत, त्यांची नक्षी याच पद्धतीने खुलते, कारण लोखंड आणि पोलाद आम्लाला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि वेगवेगळ्या छटांत गंजतात. त्या काळच्या कृतींत मोरचूद, नायट्रिक आम्ल आणि पाऱ्याचे विषारी क्षार सर्रास सापडतात. जुन्या कृतीचे आकर्षण समजण्यासारखे आहे, परंतु पाऱ्याची बाष्पे घरात घेण्याइतके मोल कोणत्याच रंगाला नाही.

इतर वाटा

कारखान्यांनी ही संथ पद्धत सोडून गरम क्षारांची टाकी स्वीकारली. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचे दाट द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात पोलाद बुडवले की अर्ध्या तासाच्या आसपास काळे ऑक्साइड तयार होते. पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असेल तर रंग निळा-काळा दिसतो, खरखरीत असेल तर नुसता काळा. वेग आणि एकसारखेपणा यांत या पद्धतीला तोड नाही, तरी घरच्या कार्यशाळेत ती करू नये असे मी स्पष्ट म्हणेन. उकळून पाणी कमी झालेल्या टाकीत थंड पाण्याचा एक कपभर ओघ जरी एकदम पडला, तरी त्याची तत्क्षणी वाफ होऊन तापलेला कॉस्टिक सोडा अंगावर उसळतो. अॅल्युमिनिअमचा एखादा छोटा भाग चुकून आत राहिला तर तो विरघळून हायड्रोजन वायू सोडतो.

जुन्या दुनळी बंदुकांसाठी तर ही टाकी वर्ज्यच आहे. तिच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. टाकीच्या तापमानाला डाख वितळत नाही, पण कॉस्टिक सोडा कथिल आणि शिसे दोन्ही खातो, पट्टीच्या खालच्या पोकळीत शिरून बसतो आणि काही महिन्यांनी सांध्यातून पांढरे क्षार व गंज एकदमच बाहेर येऊ लागतात. दुनळी बंदुकीला संथ गंजाचीच पद्धत लागते.

स्क्रू, पिना आणि चापासारख्या छोट्या भागांवर जो झगझगीत मोरपंखी निळा रंग दिसतो, त्याचे कारण वेगळे आहे. घासून चकचकीत केलेले पोलाद हवेत किंवा वितळलेल्या सोऱ्यात तापवले की सुमारे २२० ते २३० अंशांना ते गवती पिवळे दिसते, २८० च्या आसपास जांभळे आणि ३०० जवळ निळे. ऑक्साइडचा थर इथे इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग मारतात आणि काही उठावदार करतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच कारणाने दिसतात. घड्याळाचे निळे काटे आणि स्क्रूही याच पद्धतीचे. रंग देखणा असला तरी थर फार पातळ, त्यामुळे हाताळणीत तो लवकर उडतो. शिवाय ३०० अंशांना पोलादाचे पाणी उतरते, म्हणून कठीण केलेल्या भागांना हा रंग केवळ शोभेसाठी देणे म्हणजे भाग बिघडवणे.

बाटलीतले थंड ब्लूइंग म्हणजे बहुधा सेलेनिअमचे आम्ल आणि तांब्याचे क्षार. ते पोलादावर तांबे व सेलेनिअम यांच्या संयुगाचा काळा थर बसवते, ऑक्साइड तयार करत नाही. ओरखडा झाकायला ते ठीक आहे. संपूर्ण नळी त्याने रंगवणाऱ्याला काही महिन्यांत डागाळलेली, विशिष्ट वास येणारी नळी मिळते. सेलेनिअम विषारी असल्याने हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. सैनिकी बंदुकांवरचा करडा, खरखरीत थर हा बहुधा फॉस्फेटचा असतो आणि त्याचे शास्त्र निराळे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम-१ गॅरंड रायफलींवर तो पाहायला मिळतो.

खरे नुकसान पॉलिश पेपर करतो

रंग बिघडला तर तो काढून पुन्हा देता येतो. घासून गेलेले पोलाद मात्र परत येत नाही. ब्लूइंगआधी जुना थर आणि गंजाचे खड्डे काढण्यासाठी हौशी माणूस पॉलिश पेपर नुसत्या बोटाखाली धरून घासतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे फिरत्या कापडी चाकावर नळी टेकवतो. बोट मऊ असल्याने ते खड्ड्यात उतरते आणि कडेवरून घसरते. परिणामी सपाट बाजू लाटांसारख्या होतात, अष्टकोनी नळीच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि कोरलेली अक्षरे एका बाजूने पुसट होतात. प्रूफ हाउसचा शिक्का आणि कारागिराचे नाव यांवरच बंदुकीचा इतिहास आणि किंमत दोन्ही अवलंबून असल्याने, पुसट शिक्क्याची चकचकीत बंदूक जाणकाराच्या दृष्टीने डागाळलेल्या मूळ बंदुकीपेक्षा कमी मोलाची ठरते. घासायचेच असेल तर पेपर लाकडाच्या किंवा कडक रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, नळीच्या लांबीच्या दिशेने, अक्षरांपासून दूर राहून घासावे. संथ गंजाच्या पद्धतीसाठी ४०० नंबरच्या पुढे जाण्यात अर्थ नसतो, कारण अतिगुळगुळीत पृष्ठभागावर गंज नीट धरत नाही.

कित्येकदा घासायची गरजच नसते. मूळ ब्लूइंग बऱ्यापैकी शिल्लक असून वरून नुसता तांबूस गंज आला असेल, तर सुटे केलेले पोलादी भाग तेलरहित करून ऊर्ध्वपातित पाण्यात उकळावेत. जिवंत तांबूस गंज काळा होतो, मऊ ब्रशने पुसला की तो निघून जातो आणि खालचा मूळ थर जागच्या जागी राहतो. धातू न घालवता बंदूक इतकी सुधारते की पुढचे काही करावेसे वाटत नाही.

भाग सुटे करतानाही असाच विचार लागतो. बाजारातल्या साध्या पेचकसाचे पाते टोकाकडे निमुळते असते आणि ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या काठाला टेकते. जोर लावला की ते वर सरकते आणि खाचेचे काठ ओरबाडते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ बाजूंची असते, म्हणून त्या-त्या खाचेपुरते, समांतर बाजूंचे पाते घासून घ्यावे लागते. उत्तम बंदुकांत सगळ्या स्क्रूंच्या खाचा घट्ट झाल्यावर नळीच्या रेषेत येतील अशा जुळवलेल्या असतात, त्यामुळे कोणता स्क्रू कुठला याची नोंद ठेवणेही आवश्यक असते.

कृती सांगताना काय सांगावे

या छंदातली बरीचशी विद्या एका हौशी माणसाकडून दुसऱ्याकडे जाते आणि वाटेत तिचा अर्धा भाग गळतो. ‘मी अमुक द्रावण लावले आणि सुंदर काळा रंग आला’ एवढ्या माहितीचा ऐकणाऱ्याला उपयोग होत नाही. पोलाद कोणते होते हे सांगायला हवे, कारण जुने साधे पोलाद लगेच गंजते, निकेलमिश्रित पोलाद रंग धरायला कुरकुरते आणि स्टेनलेस पोलाद नेहमीच्या टाकीत काळे होतच नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमिअमच्या ऑक्साइडचा अभेद्य थर आधीच असतो. पेटीतले तापमान आणि आर्द्रता, नळी किती तास टांगली, कोणत्या नंबरच्या पेपरपर्यंत घासली, पाणी कोणते वापरले आणि फेऱ्या किती झाल्या, हे सगळे सांगितले तरच ती कृती दुसऱ्याच्या हातात तशीच उतरते. दमट हवेत तीन तासांत जी लव येते तिला कोरड्या हवेत रात्र लागते, आणि हे न सांगितल्यामुळे चांगले द्रावण फेकून देणारे लोक कमी नाहीत.

धोक्याची माहिती तर कृतीच्या आधी यायला हवी. स्प्रिंगसारखे कठीण पोलादी भाग गंज काढण्यासाठी आम्लात बुडवून ठेवले, तर आम्लातून सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि वरून नवीन दिसणारी स्प्रिंग ताण येताच तुटते. दस्त्याला जवसाचे तेल लावून झाल्यावर त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर हवेशी होणाऱ्या रासायनिक क्रियेची उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकाव्यात.

काम पूर्ण झाल्यावर नळी तेलात किमान रात्रभर राहू द्यावी आणि पुढचे काही आठवडे अधूनमधून तपासावी, कारण सांध्यांत दबून राहिलेले द्रावण उशिरा बाहेर येते. साठवण चामड्याच्या म्यानात करू नये. चामडे कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात राहतात आणि ते ओलावाही धरते. गंज पुन्हा येतो तो बहुधा नळी जिथे लाकडात बसते त्या रेषेखाली, कारण दस्त्याचे लाकूड हवेतला ओलावा शोषून तिथे पोलादाला चिकटून असते आणि वरून तेलाचे फडके फिरवणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. त्या भागावर तेलापेक्षा मेणाचा पातळ हात जास्त काळ टिकतो, आणि तो देण्यासाठी वर्षातून एकदा तरी नळी दस्त्यातून वेगळी करावी लागते.